आंबट चिखल

आमच्या सरांना चिखलाची किळस यायची. हे आधीच सांगून टाकतो. ज्या माणसाचा जन्मभराचा अभ्यास चिखलातल्या जंतूंचा, तो माणूस चिखलाची बाटली रुमालात धरायचा. रुमालही घरून दोन आणायचा, एक बाटलीला आणि एक नाकाला. हलवायाला गोडाची शिसारी असावी तशातली गत. आणि असा माणूस माझा गाईड होता.

नागपूर तेव्हा अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि गडचिरोली जिल्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता. सिरोंच्यापर्यंत सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात मोडायचा. मी नागभीडजवळच्या एका खेड्यातला, धानवाल्या घरातला. सर पुण्याकडचे. पहिल्या दिवसापासून ते मला आमच्या झाडीपट्टीवरून 'झाडीवाले' म्हणत. एकदा माझ्या तोंडून 'मले' निघालं, तर त्यांनी फळ्यावर 'मला' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. वर्ग हसला. मीही हसलो, कारण गाईडच्या हातात विद्यार्थ्याची शेंडी असते. एम.एस्सी.चा प्रबंध त्यांच्या सहीशिवाय पुढं सरकत नव्हता. प्रबंध झाला तर कुठल्यातरी कॉलेजात लेक्चरर होणार, नाही झाला तर परत बांधीत गुडघाभर चिखलात धानाचे परे लावणार, इतकं ते सरळ होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाबा अख्ख्या गावाला सांगत फिरत, "पोरगा नागपूरले मोठं शिकून राह्यला." काय शिकून राह्यला ते त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही फारसं नव्हतं.

सरांच्या डोक्यात एकच जंतू होता. हवा न पोचणाऱ्या काळ्या चिखलात राहणारा. त्याला साखर नको, पेंड नको, कुजकं पान नको. तो नुसता गॅस खातो, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन. त्या दोन्हींचं करतो ॲसिटेट, म्हणजे आपल्या भाषेत सिरक्यातलं आंबट. असा एक जंतू लढाईच्या आधी परदेशात कोणाला तरी सापडला होता आणि लढाईच्या धामधुमीत त्याचं बियाणं हरवलं. तो सरांना पुन्हा शोधायचा होता. हॅट्! हरवलेली गाय शोधणारे पाहिले होते, हरवलेला जंतू शोधणारा हा पहिलाच.

त्यातलं कोडं मात्र मजेचं होतं, ते कबूल करतो. कुठल्याही जिवाला जगायला ताकद लागते. ती ताकद पेशीत एटीपी नावाच्या पदार्थात बांधलेली असते, शिदोरीची पुडी म्हणा. आपण भात खातो, भात जळतो, पुड्या बांधल्या जातात, त्या सोडत सोडत दिवस निघतो. आता या जंतूचं पाहा. ॲसिटेट तयार होताना शेवटच्या पायरीला त्याला एक पुडी मिळते. पण कार्बन डायऑक्साइड हा मुलखाचा आळशी गॅस, तो सहजासहजी कशाला चिकटत नाही. त्याला कामाला जुंपतानाच एक पुडी सोडावी लागते. एक आली, एक गेली. कांडणाऱ्या बाईनं कांडता कांडताच सगळे तांदूळ फाकून टाकले, तर घरात रांधायचं काय? मग हा जंतू जगतो कसा, वाढतो कसा, पोरं कशी काढतो? बाहेरच्या मासिकांतून तुकड्यातुकड्यानं येणारी माहिती जोडून सरांनी हे कोडं फळ्यावर मांडलं होतं, आणि ते कोणाला पुसू देत नसत. कधी कधी शिकवता शिकवता थांबून फळ्याकडे पाहत उभे राहायचे. आम्ही मागं बसून खुणा करायचो, गेले बुवा समाधीत.

जानेवारीत धान घरात आल्यावर आम्ही चिखल आणायला निघालो. जंगल खात्याची जीप सरांनी कुठूनशी मागून आणली होती. वैनगंगा नावेतून ओलांडली, आलापल्लीला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी एटापल्लीच्या पलीकडे गेलो. साग संपून मिश्र रान लागलं. तिथं एका नाल्यात वर्षानुवर्षांचा पाला कुजून काळाकुट्ट चिखल साचला होता, काठी खुपसली की बुडबुडे यायचे. सर बुडबुडे पाहून खूश. पण उतरणार कोण? गावच्या पाटलानं एक म्हातारा गोंड दिला होता, कमरेला पंचा, खांद्यावर कुऱ्हाड, हातात वाळक्या भोपळ्याचा तुंबा. तो उतरला. सरांनी झाडाच्या सावलीत घडीची खुर्ची उघडली आणि मला थर्मास धरून शेजारी बसवलं. मले म्हणजे मला काय, चिखल पाहायला आणलं होतं की चहा ओतायला?

खुर्चीतूनच सरांचे हुकूम चालले होते. इथलं घे, तिथलं घे, खोल घे. म्हातारा प्रत्येक ठिकाणी पाठमोरा वाकायचा, काहीतरी पुटपुटायचा, मग हात घालायचा. सर म्हणाले, "काय मंत्र म्हणतोय तो? आटप म्हणावं." मी म्हटलं, "आटप म्हणते साहेब." म्हाताऱ्यानं ऐकलं न ऐकलं केलं. सहा बरण्या भरल्या. बरण्या मोठ्या होत्या आणि झाकणं कॉलेजातल्या इतर सगळ्या गोष्टींसारखी सैल होती.

परतताना तुलनेसाठी म्हणून आमच्या गावच्या बोडीतलाही, म्हणजे शेतातल्या तळ्यातलाही, सहा बरण्या चिखल घ्यायचा होता. बाबा स्वतः धोतर खोचून बोडीत उतरले. गावकरी पाळीवर जमले. "नागपूरले जाऊन चिखलच शिकून राह्यला का बे? इथी का कमी होता?" असं एकानं विचारलं आणि सगळे खो खो हसले. सर जीपमधून उतरलेच नाहीत. आईनं पितळी पेल्यात चहा नेऊन दिला. तो त्यांनी बॉनेटवर ठेवला आणि निघताना तिथंच विसरले. विसरले असं आपण म्हणू. आईनं पेला उचलला, चहा तुळशीला घातला.

नागपुरात पोचलो तेव्हा माझं अंग ठणकत होतं. नियम असा होता, की बरणी आली की त्याच दिवशी थोडा चिखल काढायचा, त्याचं डिस्टिलेशन करायचं, म्हणजे उकळून वाफ नळाच्या पाण्यानं थंड करून धरायची, आणि त्यात ॲसिटेट किती आहे ते मोजायचं. म्हणजे पुढं आंबट वाढलं तर ते जंतूनं केलं हे सिद्ध व्हावं. बारा बरण्या, एकेकीला तासभर. मी वहीकडे पाहिलं, बरण्यांकडे पाहिलं. चिखलात काय असणार? चिखल. बाराही बरण्यांपुढं मी शून्य लिहिलं, खाली सही ठोकली आणि होस्टेलवर जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी चिखल बाटल्यांत भरला, तोंडाला रबरी बूच, बुचातून नळी, नळीला फुटबॉलचं ब्लॅडर. जस्तावर आम्ल टाकून हायड्रोजन काढायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळायचा आणि ब्लॅडरमध्ये भरायचा. बारा ब्लॅडर टेबलावर फुगून बसली. मी सरांना म्हटलं होतं, "सर, दोन बाटल्या हायड्रोजनविना ठेवू का? म्हणजे फरक कळेल." सर म्हणाले, "झाडीवाले, रिकामं ताट वाढून जेवणाऱ्याची भूक मोजायची का?" असं काहीतरी टाळीचं वाक्य टाकलं की त्यांना वाटायचं उत्तर झालं.

तीन आठवडे झाले. सरांच्या राज्यात प्रत्येक प्रयोग तीन आठवड्यांचा, जणू जंतूंना तारीख कळवलेली असते. मी डिस्टिलेशन केलं, फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. गावच्या चिखलाच्या सहाही नळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. जंगलातल्या चिखलाच्या सहाही लालभडक. ॲसिटेट! भरपूर! ब्लॅडरही थोडी सैल झाली होती. सरांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि खोलीभर फिरले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? तुमच्या गावचा चिखल तुमच्यासारखाच सुस्त. आणि तो जंगलातला पाहा." घ्या! शोध लागला तरी माणसाला आधी टोमणा सुचतो.

सरांनी लगेच टिपण लिहून एका मासिकाला पाठवलं आणि ते छापून आलं. माझ्या प्रबंधाचा गाभाही तोच ठरला. आता पुढची पायरी म्हणजे जंतू वेगळा काढून दाखवायचा, आणि त्यासाठी ताजा चिखल हवा. सरांना उन्हाळा सोसत नव्हता. मार्चात मला एकट्यालाच ड्रायव्हरसोबत पाठवलं.

तोच नाला, तोच म्हातारा. या वेळी खुर्ची नव्हती, थर्मास नव्हता, मी काठावर उकिडवा बसलो. मोह गळत होता, रानभर गोडसर वास. म्हाताऱ्यानं तुंब्याचं बूच काढलं, पळसाच्या पानाच्या द्रोणात दारू ओतली, डोळे मिटून गोंडीत काहीतरी म्हटलं आणि द्रोण जिथं हात घालायचा तिथंच चिखलावर उपडा केला. पुन्हा भरला, पुन्हा ओतला. तिसऱ्यांदा ओतला. मग हात घातला.

मी काठावरून उठून उभा राहिलो.

"दादा, हे का करता?"

"माती नेता ना बाबू, तं मांगा लागते. बिना मांगता नेलं तं चोरी होते."

"मागच्या बारीबी टाकले होते का?"

"टाकलो नाई तं का?" तो माझ्याकडे असा पाहू लागला, की हा शिकलेला माणूस असून असं काऊन विचारतो. "मागच्या बारी मोठा साहेब होता, बरण्याबी मोठ्या होत्या. तं जास्त टाकलो. पुरा तुंबा गेला."

आता बोला! मोहाची दारू उघडी राहिली की आंबते, तिचा सिरका होतो, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. दारू चिखलात, चिखल सैल झाकणाच्या बरणीत, बरणी दोन दिवस जीपमध्ये खडखडत. नागपूरला पोचेपर्यंत आतच आंबट झालं असणार. गॅस खाणारा जंतू कुठला, काय कुठला! आमचे पुण्याचे विद्वान सावलीत खुर्ची टाकून बसले, वीस पावलांवर चिखलात तुंबा रिकामा होतोय ते त्यांना दिसलं नाही. खूप हसू आलं मला. मग वहीतली बारा शून्यं आठवली आणि हसू थांबलं.

मी म्हाताऱ्याला म्हटलं, "दादा, मले बिनादारूचा चिखल पायजे." तो नाही म्हणाला. समजावून पाहिलं, हात जोडले. तो म्हणाला, "मी नाई देत. तुले घ्या लागत असन तं घे. मी पाठ करतो." आणि खरंच पाठ करून बसला. मी चपला काढून नाल्यात उतरलो, लांब पलीकडच्या कोपऱ्यातून दोन बरण्या भरल्या, झाकणांवर मेण ओतलं. वर आलो तरी तो वळला नव्हता. मी राम राम केला. त्यानं परत केला नाही.

या वेळी पहिल्याच दिवशी सगळं मोजलं, चोखपणे. दारूवाल्या बरण्या पहिल्याच दिवशी लालभडक. बिनदारूच्या दोन्ही स्वच्छ. सगळ्यांच्या बाटल्या भरल्या, ब्लॅडर लावली. तीन आठवड्यांनी पाहिलं. दारूवाल्या जितक्या आंबट होत्या तितक्याच आंबट, बिनदारूच्या जशाच्या तशा स्वच्छ. जंतूनं काहीच केलं नव्हतं. मी जाऊन सरांना सगळं सांगितलं, दारू, द्रोण, तुंबा, सगळं. फक्त शून्यांचं सोडून.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण मागच्या वेळी पहिल्या दिवशी शून्य होतं ना? तुमच्या वहीत आहे. म्हणजे दारू असली तरी ती तेव्हा आंबली नव्हती. मग आंबट आलं कुठून?" आणि माझ्याकडे पाहिलं. "शून्य मोजलं होतंत ना?"

"हो, सर."

"सहाही?"

"सहाही, सर."

"मग ठीक आहे. हा चिखल उन्हात तापला असेल, जंतू मेले असतील. जुन्याच आकड्यांवर प्रबंध लिहा."

मी बाहेर आलो आणि मनात म्हटलं, काय मूर्ख माणूस आहे! समोर दारू ठेवली तरी वास येत नाही याला. मित्रांना मी चहावर ही गोष्ट रंगवून सांगितली, सरांच्या खुर्चीसकट, त्यांच्या रुमालांसकट. सगळे पोट धरून हसले. माझी वही त्या गोष्टीत नव्हती. सरांना मूर्ख म्हणताना मला इतकं बरं वाटत होतं, की ते कोणाच्या सहीवर मूर्ख ठरत होते याचा विचार करायची गरजच पडली नाही.

प्रबंध लिहिला, टाईप केला, पाठवला. पावसाळा गेला. तोंडी परीक्षा झाली, बाहेरच्या परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि सरांच्या घरी जेवायला गेले. मला एका कॉलेजातून नेमणुकीचं पत्र आलं, डिग्री हाती आली की रुजू व्हा. ते मी खिशातच घेऊन फिरायचो. दिवाळीच्या आधी लॅब आवरून द्यायची होती. कपाटामागच्या फळीवर त्या बिनदारूच्या चिखलाच्या दोन बाटल्या तशाच राहिल्या होत्या. टाकायचा कंटाळा केला होता, दुसरं कारण नव्हतं.

दोन्ही ब्लॅडर चिपाड झाली होती. रबरातून गॅस गळतो, तसा गळला असेल म्हणून मी बूच ओढलं. बूच निघेना. आत ओढून बसलं होतं. आतला गॅस कोणीतरी खाल्ला होता आणि बाटली पोकळी धरून बसली होती. सुरीनं बूच उचकटलं तर फस्स करून हवा आत गेली. मग वास आला, हलका, ओळखीचा. मी दार लावून घेतलं, डिस्टिलेशन केलं आणि थेंब टाकले. लाल.

दुसरीही लाल.

मी स्टुलावर बसलो. या बाटल्यांत दारू नव्हती. चिखल मी स्वतःच्या हातानं काढला होता, पहिल्या दिवसाचं माप मी खरंखरं घेतलं होतं, तीन आठवड्यांनी काही नव्हतं तेही मीच पाहिलं होतं. म्हणजे तो होता. सरांचा तो हरवलेला, गॅसवर जगणारा होता, फक्त त्याला तीन आठवडे पुरत नव्हते.

का पुरत नव्हते, ते पुढं कितीतरी वर्षांनी जगाला कळलं आणि मला पुस्तकांतून वाचायला मिळालं. एक पुडी येते, एक जाते, हा सरांचा हिशोब बरोबरच होता. हा जीव जगतो तो वेगळ्याच वाटेनं. हायड्रोजनपासून कार्बन डायऑक्साइडकडे जाताना मधल्या एका उतारावर थोडीशी ताकद सुटते. तेवढ्यावर तो आपल्या पातळ कातडीतून सोडियमचे किंवा हायड्रोजनचे कण बाहेर ढकलतो. बाहेर दाटी होते, आत मोकळं राहतं. मग ते कण एका बारीक दारातून परत आत येतात आणि येता येता पुडी बांधून जातात. तलावाच्या पाळीआड पाणी तुंबवून मोरीतून सोडावं, इतकी साधी युक्ती. पण मिळकत किती? ॲसिटेटच्या एका फेऱ्याला एक अख्खी पुडीसुद्धा नाही, तिचा तुकडा. असे कितीतरी फेरे घालावे तेव्हा एक पुडी. तेवढ्यावर जगायचं, तेवढ्यावरच वाढायचं. त्यात आमच्या बाटलीतला थंडा चिखल आणि मोजके जंतू. असल्या जिवाला घाई कुठून जमणार?

त्या दिवशी मला यातलं काही माहीत नव्हतं. पण बाटली खरी आहे एवढं कळायला काही पुस्तक लागत नव्हतं. आणि दुसरंही कळत होतं. ही बाटली सरांना दाखवली तर पहिला प्रश्न हाच येणार, की याला सहा-सात महिने लागले, मग जानेवारीतल्याला तीन आठवडे कसे पुरले? त्यातून दुसरा प्रश्न, पहिल्या दिवसाचं शून्य कोणी मोजलं? नेमणुकीचं पत्र खिशात कुरकुरत होतं. बाबांनी गावात पेढे वाटूनही झाले होते.

मी दोन्ही बाटल्या मोरीत उपड्या केल्या. काळा चिखल हळूहळू गेला. धुण्याचा सोडा टाकला, गरम पाणी ओतलं, ब्रशनं घासल्या, पुन्हा सोडा टाकला. ॲसिटेटच्या नळ्याही धुतल्या. बाटल्या रॅकवर पालथ्या घातल्या. हात कापत नव्हते, खोटं कशाला सांगू.

दुपारी सर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी मनात म्हटलं, आली स्वारी, आता कुठल्या बाटलीला रुमाल लागतो ते पाहू. ते समोरच्या स्टुलावर बसले आणि खिशातून एक जाड पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"आपण जानेवारीत जंगलातून आलो त्या दिवशी," ते म्हणाले, "या इमारतीचं पाणी दिवसभर बंद होतं. टाकी फुटली होती. मी प्रिन्सिपॉलकडे तक्रार केली होती. काल जुने कागद चाळताना त्या तक्रारीची नक्कल सापडली. पाण्याशिवाय डिस्टिलेशन होत नाही."

मी ते विसरलो होतो.

"काही बोलू नका," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी तेव्हाच विचारायला हवं होतं, आणि त्या माणसाशेजारी मी चिखलात उभं राहायला हवं होतं. मासिकाला लिहिलंय, की आमचा निष्कर्ष चुकीचा होता, पहिल्या दिवसाचं मोजमाप झालं नव्हतं, जबाबदारी माझी. तुमचं नाव घातलेलं नाही. डिग्रीला धक्का लागणार नाही, ते मी पाहिलंय. तुम्ही नोकरीवर जा."

मला पुढच्या ओळी लिहिताना आजही लाज वाटते. त्या वेळी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं.

"लोक हसतील," सर म्हणाले. "हसू देत. दारूचा सिरका शोधून काढणारा प्रोफेसर म्हणतील." मग जरा पुढं वाकले. "पण तुम्ही मार्चात आणलेला चिखल होता ना, बिनदारूचा? तो ठेवलाय का कुठे? मी गेले कित्येक दिवस विचार करतोय. ज्याला इतकं थोडं मिळतं, तो तीन आठवड्यांत काय उजेड पाडणार? त्याला महिने लागत असतील. त्या दोन बाटल्यांत थोडंसं जरी आंबट आलं असेल, तर हे पत्र मी वेगळं लिहीन. चुकलो होतो, पण तो आहे, असं लिहीन."

रॅकवरून पाण्याचे थेंब मोरीत पडत होते.

"धुतल्या, सर."

"कधी?"

"आज सकाळी."

"मोजल्या होत्या?"

मी मान डोलावली.

"काही होतं का?"

"नाही, सर. नुसता चिखल होता."

त्यांनी रॅकवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "हं. मलाच उगाच वाटलं." पाकिटाच्या कडेला जीभ लावून त्यांनी ते बंद केलं, अंगठ्यानं दोनदा दाबलं आणि माझ्याकडे सरकवलं. "स्टेशनकडे जाणार असाल तर वाटेत टाकाल का?"

"टाकतो, सर."

मी ते टाकलं. ते छापून आलं, लोक हसले, वर्षानुवर्षं हसले. मी जिथं जिथं नोकरी केली तिथं तिथं स्टाफरूममध्ये कोणीतरी ती गोष्ट काढायचं, आणि ती सगळ्यांत चांगली मलाच सांगता यायची.